वांग्याला उष्टं पाणी

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत बिल्डरने माहितीपत्रकात बाग दाखवली होती. प्रत्यक्षात तिथे विटांचे तुकडे, एक फुटकं कमोड आणि त्यात राहणारं मांजर होतं. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत ठरलं की जागेचे दहा बाय तीन फुटांचे वाफे पाडायचे आणि ज्यांना हौस आहे त्यांनी वर्षाला पाचशे रुपये भरून घ्यायचे. मी हात वर केला तो डास मारायला, असं बायको आजही शपथेवर सांगते. काही असो, मी तीस चौरस फुटांचा शेतकरी झालो.

पावसाळ्यात शेती कुणालाही जमते. थंडीत मेथी आली, टोमॅटो लागले, घरच्या ग्रुपवर फोटो गेले. मग एप्रिल आला आणि एप्रिलमागोमाग गुरुवार आला.

पुण्यात गुरुवार दत्ताचा असतो, तसाच तो दुरुस्तीचाही असतो. 'गुरुवारी पाणी बंद' हे सगळे वाचतात. खालची 'शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने' ही ओळ मात्र कुणी वाचत नाही, आणि खरा घात तीच करते. पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून शनिवारवाड्यापर्यंत बंदिस्त नळातून पाणी आणलं, तेव्हा वाटेत कोंडलेली हवा सुटावी म्हणून उच्छ्वास बांधले होते. आमच्या नळाला शुक्रवारी सकाळी नुसते उच्छ्वासच येतात. पाणी शनिवारी येतं.

दुसऱ्याच आठवड्यात सेक्रेटरींनी बागेचा नळ काढून नेला. नळ बंद केला नाही, पान्याने खोलून खिशात घालून नेला. "पिण्याच्या पाण्यावर तुमची वांगी पोसता येणार नाहीत," ते म्हणाले. टँकरचं बिल तेच भरत असल्यामुळे मला प्रत्युत्तर सुचलं नाही.

त्या दिवसापासून मी दुसऱ्यांच्या वापरलेल्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला माणूस झालो. आधी घरातलं. तांदळाचं धुवण झाडांना चालतं, म्हणून मी रोज भाताचा आग्रह धरला. "पोळ्या कर म्हणाला असतास तर बरं झालं असतं," बायको म्हणाली, पण कणीक कुणी धूत नाही, त्याला मी काय करू? वॉशिंग मशीनचं पहिलं पाणी साबणाचं, ते फरशीला. शेवटच्या खळबळण्याचं जरा बरं, म्हणून मी नळी हातात धरून मशीनपाशी उभा राहू लागलो, प्रसूतिगृहाबाहेर बाप उभा असतो तसा. फिल्टरने बाहेर टाकलेलं पाणी दिसायला स्वच्छ, पण त्यात क्षार भरपूर. ते चार दिवस दिलं तर मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या.

उरलं एसीचं पाणी. हे सोनं. वाफेचं झालेलं पाणी, क्षार नाहीत की क्लोरीन नाही, आणि आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नळीतून थेंब थेंब पार्किंगमध्ये वाया जात होतं. मी खाली बादली लावली. चौथ्या दिवशी बादलीशेजारी काकू उभ्या.

"हे पाणी आमचं आहे हो."

"काकू, ते खाली सांडत होतं."

"सांडत होतं तरी आमचंच सांडत होतं. वीजबिल कोण भरतं?"

मी म्हटलं, एसी तुमचा, पण त्यातली वाफ सगळ्या सोसायटीच्या हवेतली, म्हणजे सामाईक. हा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग तुझ्या वांग्यांत माझा वाटा किती?" वाटाघाटी तीन दिवस चालल्या. शेवटी बादलीमागे एक वांगं ठरलं. वांगी लागेपर्यंत माझ्यावर चौदा वांग्यांचं कर्ज होतं. उकाडा कमी झाला की मला धास्ती वाटे. रात्री साडेदहाला मी खाली उभा राहून काकूंची खिडकी बंद आहे ना, एसी चालू आहे ना, ते बघत असे. वॉचमनने एकदा विचारलं, "सर, काही प्रॉब्लेम आहे का?" त्याला खरं सांगितलं असतं तर जास्त संशय आला असता.

बाकीचे उपाय थोडक्यात. आच्छादन हवं म्हणून रसवंतीवरून उसाचा चोथा आणला. माती ओली राहिली आणि वाफ्यात पुण्यातल्या समस्त मुंग्या राहायला आल्या. मग चोथा काढून वाळका पाला पसरला, तो मात्र खरोखर कामाला आला. दोडक्याने मला ऑफिसातून दोनदा धावत आणलं. भर दुपारी पानं अशी मान टाकत की बघवेना, आणि संध्याकाळी पाणी न देताही ताठ! उन्हात ती स्वतःला मिटून घेतात, एवढंच. टोमॅटोने नाटक केलं नाही, सूड घेतला. तीन दिवस कोरडा ठेवून शनिवारी दोन बादल्या ओतल्या, तर फळं टराटरा तडकली, आणि उरलेल्यांचे बुडखे काळे पडले. टोमॅटोला पाणी थोडं चालतं, अनियमित चालत नाही. हे पाणी सोडणाऱ्यांना कळवावं असं वाटलं होतं.

आणि या सगळ्यात भिंतीपलीकडे खडकवासल्याचा कालवा. आमच्या नळाला उच्छ्वास, आणि पलीकडे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी, काठोकाठ वाहतंय दौंड-इंदापूरकडे. त्याला हात लावणं गुन्हा, म्हणून मी रात्री नुसता ऐकत बसे. एकदा हिशेब केला. १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. माझ्या १५ लिटरच्या बादलीने सुमारे १८९ कोटी बादल्या. खडकवासला साखळीतल्या चार धरणांत असे साधारण २९ टीएमसी मावतात. मला हव्या होत्या दोन बादल्या.

मे महिन्यात बायकोचे मामा आले. पाण्याचा ग्लास दिला, त्यांनी अर्धा प्यायला आणि खाली ठेवला. बोलता बोलता मी सवयीने तो उचलून दाराकडे निघालो. बायकोने डोळे वटारले.

"कुठं चाललात, जावईबापू?"

"वांग्याला," मी म्हणालो. आता लपवण्यासारखं काय उरलं होतं?

मामा कौतुकाने खाली आले. मी सगळी कहाणी सांगितली. गुरुवार, सेक्रेटरी, दोडका, चौदा वांगी, भिंतीपलीकडचा कालवा. कालव्याचं नाव निघाल्यावर ते भिंतीशी गेले, टाचा उंचावून पलीकडे पाहिलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"सुटलंय व्हय," ते म्हणाले. "आमी टेलला, कालव्याच्या पार शेवटाला. आमच्याकडं यायला लई दिस जात्यात. आलं तर."

मामांची इंदापूर तालुक्यात चार एकर जमीन आहे, हे मला लग्नापासून माहीत होतं. ती याच कालव्यावर आहे, हे त्या क्षणी कळलं. मी गप्प झालो.

ते वाफ्यापाशी उकिडवे बसले, पाला बाजूला केला आणि तर्जनी दोन पेरं मातीत खुपसली. बोट बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं.

"वल हाय की अजून. आज कशाला घालताय?"

"म्हणजे नको?"

"नको. द्या हिकडं," मामा म्हणाले आणि ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.