डावा, उजवा आणि आईची खुर्ची

सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळालेल्या शाल-श्रीफळाचे पुढे काय करायचे हे घरात सर्वांना ठाऊक असते; हाती आलेल्या मोकळ्या वेळेचे काय करायचे हे मात्र कोणीच सांगत नाही. मी तो संगीत ऐकण्यात घालवायचे ठरवले आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर, लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर आणि तांब्याच्या वायरचे एक भेंडोळे असा संसार रिक्षात घालून घरी आणला. वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर होताच. दारातच पत्नीने विचारले, “अहो, ही दोन कपाटं कुठे ठेवणार?” ती कपाटे नव्हेत हे मी सांगितले, तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्यापाशीही नव्हते.

दुकानदाराने दिलेल्या झेरॉक्स प्रतीत ते होते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. खोकी कोपऱ्यात कोंबू नयेत, नाहीतर खर्जातले स्वर नको तितके घुमतात. शाळा सुटल्यानंतर समभुज त्रिकोण काढण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच येत होता. आमच्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीला देव्हारा, दुसरीला फ्रिज आणि तिसरीला बाल्कनीचे सरकते दार आहे. उरलेल्या एकाच भिंतीशी सात फुटांच्या अंतराने दोन्ही खोकी मांडून मी मोजपट्टीने तिसरा कोन शोधला, तेव्हा तो नेमका आईच्या खुर्चीवर आला. आई त्या वेळी फोन उजव्या कानाशी खांद्याने दाबून धरून मावशीशी बोलत होती आणि घेवड्याच्या शिरा काढत होती. खुर्ची दोन फूट सरकवावी लागेल, असे मी अदबीने सुचवले.

“त्रिकोण सरकव,” आई म्हणाली आणि पुन्हा मावशीकडे वळली.

या त्रिकोणाच्या मागे एक सिनेमा आहे. १९३१ साली इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन नावाचा अभियंता आपल्या भावी पत्नीसह बोलपट पाहायला गेला होता. पडद्यावरचे पात्र एका टोकाला चालत जाई आणि त्याचा आवाज मात्र एकाच लाउडस्पीकरमधून, आपल्या जागेवरून, येत राही. आवाजाला पात्रामागे चालायला लावण्याची युक्ती आपल्याला सुचली आहे, असे त्याने तिला सांगितले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टीरिओ, ध्वनीसाठी पेटंटचा अर्ज केला. ही हकिकत मी माझ्या पत्नीला रंगवून सांगितली, तेव्हा तिने इतकेच विचारले, “सिनेमा कोणता होता?”

यानंतर जोडणी. प्रत्येक स्पीकरच्या पाठीला एक लाल आणि एक काळा असे दोन टोक असतात, ॲम्प्लिफायरलाही तसेच. लालला लाल आणि काळ्याला काळा जोडायचा, यात चुकण्यासारखे काही नाही, म्हणूनच मी चुकलो. एका खोक्याची वायर उलटी लागली. संगीत वाजत होते, परंतु तबल्यातला डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाटत होता आणि दोन्ही खोक्यांच्या मधोमध उभा राहायला हवा तो गायक खोलीभर पसरून जणू स्वतःचीच जागा शोधत होता. उलट्या जोडणीत एका स्पीकरचा पडदा हवा पुढे ढकलतो त्याच क्षणी दुसऱ्याचा मागे ओढतो आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. जात्याचा खुंटा दोघींनी दोन दिशांना ओढावा आणि पीठ का पडत नाही म्हणून दळण तपासत बसावे, तसे मी दोन दिवस रेकॉर्डच पुसत बसलो होतो.

पुढे गुणगुण सुरू झाली. रेकॉर्ड प्लेअर लावला की गाण्याच्या आधी, गाण्याच्या मागे आणि गाणे संपल्यावरही एकसारखा ‘घूं’ असा आवाज येई. वायरमनने येऊन पाच मिनिटे डोळे मिटून तो ऐकला, जणू एखाद्या घराण्याचा षड्ज तपासतो आहे, आणि निदान केले, “काका, प्लगची ती वरची जाडी पिन काढून टाका. आवाज बंद.” आवाज बंद झाला असता, हे मी नाकारत नाही, पुढेमागे कदाचित माझाही झाला असता. ती पिन अर्थिंगची असते. यंत्रात काही बिघडून २३० व्होल्टची वीज धातूच्या खोक्यात उतरली, तर तिला जमिनीत जायला ती वाट असते. वाट कापली, की खोक्याला हात लावणारा माणूस हीच वाट. घरातला विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने घेतो आणि त्याचीच सावली त्या गुणगुणीत ऐकू येत असते. खरा दोष रेकॉर्ड प्लेअरच्या पाठीमागून लोंबणाऱ्या एका केसाएवढ्या वायरीत होता. ती ॲम्प्लिफायरच्या ‘ग्राउंड’ लिहिलेल्या स्क्रूला आवळताच शांतता पसरली. वायरमनने त्याचेही पैसे घेतले.

यंत्र सुरू झाल्यावर घरानेही त्याला आपले मानले, आणि खरी धास्ती तिथून सुरू झाली. पहिल्या आठवड्यात ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आला. वरच्या फटींतून यंत्राची उष्णता बाहेर पडते, तिथे वीतभर मोकळी जागा हवी, हे मी समजावल्यावर रुमाल गेला आणि उष्णतेची वार्ता मात्र घरभर राहिली. थंडीच्या एका रात्री मी पाहतो तो ॲम्प्लिफायरच्या नेमक्या त्याच फटींवर विरजण लावलेले पातेले! “ऊब छान आहे,” आई म्हणाली. पातेले कलंडले असते तर दुधासकट आत काय काय नासले असते याची कल्पना करून मी रात्रभर जागा राहिलो. दही घट्ट लागले होते, हे कबूल करायला हवे. नातवाने ‘हे बटण आहे का’ म्हणून स्पीकरच्या मधली घुमटी आत दाबली, ती कथा मी सांगणार नाही.

आवाजाचा प्रश्न सोसायटीच्या सचिवांनी सोडवला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, हा सन २००० च्या नियमांतला आकडा त्यांना तोंडपाठ होता.

अखेर एका रविवारी सारे जुळले. त्रिकोणाच्या शिरोबिंदूवर आई बसली होती, म्हणून मी तिलाच विचारले, “कसं वाटतंय?”

“छान आहे. पण डावा वाजत नाही.”

मी जमिनीवर बसून ऐकले, वाजत होता. तरी शंका नको म्हणून ॲम्प्लिफायर बंद करून डाव्या-उजव्या वायरींची अदलाबदल केली. आई म्हणाली, “उजवाच.” नियमाप्रमाणे दोष आता डाव्या खोक्यात असायला हवा होता. मग मी कंबरेला पट्टा बांधून दोन्ही खोकीच उचलली, याची त्याच्या जागी आणि त्याची याच्या जागी ठेवली, घाम पुसला आणि पुन्हा रेकॉर्ड लावली.

“उजवाच,” आई म्हणाली. “एवढे पैसे घालवलेस आणि एकच वाजतो.”

ॲम्प्लिफायर निर्दोष, वायरी निर्दोष, खोकी निर्दोष. मी हताश होऊन पाहत असतानाच आईच्या डाव्या बाजूला ठेवलेला फोन वाजला. तिने तो डाव्या हाताने उचलला, चेहऱ्यासमोरून पलीकडे नेला आणि उजव्या कानाला लावला.

मी काही बोललो नाही. ॲम्प्लिफायरवर एका कडेला ‘मोनो’ असे लिहिलेले बटण होते, ज्याने दोन्ही वाहिन्यांतले सारे दोन्ही स्पीकरांतून सारखेच वाजते, ते दाबले. फोन ठेवून आईने घेवडा पुन्हा हाती घेतला आणि थोडा वेळ ऐकले.

“आता कसं,” ती म्हणाली, “झाला बघ दुरुस्त.”