झिरो नंबर

संक्रांतीच्या वाणाला काय द्यायचं, याची चर्चा आमच्याकडे नोव्हेंबरातच सुरू होते. एरवी मी तिच्यात नसतो. यंदा मात्र नको तिथे तोंड उघडलं आणि "लाकडी डब्या देऊ, मी करतो," असं बोलून बसलो. जुन्या बाजारातून आणलेलं एका पाडलेल्या वाड्याच्या दाराचं सागवान गॅलरीत दोन पावसाळे पडून होतं, त्याचीही सोय लागणार होती. बायकोने मिनिटभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पंचवीस लागतील."

कापाकापी आणि फेविकॉलबाजी याबद्दल जास्त सांगत नाही. ती झाली. दोन डब्या काटकोनात बसल्या नाहीत, त्या माझ्या बहिणीकडे जाणार हे परस्पर ठरलं. मी हात झटकून जाहीर केलं, "आता नुसतं घासायचं राहिलंय."

'नुसतं' हा शब्द मी त्यानंतर वापरलेला नाही.

खालच्या मजल्यावर फर्निचरचं काम करणाऱ्या सुतारमामांना विचारलं. ते तोंडातला खिळा न काढता म्हणाले, "शेवटी झिरो नंबर मारा, काचेसारखं होईल." इकडे यूट्यूबवरचा एक दाढीवाला सांगत होता की पॉलिश पेपर ऐंशी नंबरपासून सुरू करा, मग एकशेवीस, एकशेऐंशी, दोनशेवीस, आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. या हिशेबाने झिरो नंबर म्हणजे रस्त्यावरची खडी. मामा माझी फिरकी घेतायत याची खात्री पटली आणि मी हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी गाठली.

"पॉलिश पेपर द्या."

"कशावर मारायचाय? लाकूड, लोखंड, भिंत?"

"लाकूड."

"कोऱ्या लाकडावर की पॉलिशवर?"

"कोऱ्या."

"ओला का सुका?"

हा प्रश्न आजवर मला फक्त वडापाववाल्याने विचारला होता. सवयीने म्हणालो, "दोन्ही थोडा थोडा."

"नंबर?"

"काहीही द्या, फक्त झिरो नको. मला गुळगुळीत करायचंय."

दुकानदाराने बिलबुकातून पहिल्यांदा मान वर केली. "गुळगुळीत झिरोनेच होतं."

"मग ऐंशी?"

"ऐंशी खरखरीत."

"आणि दोन नंबर?"

"तो पण खरखरीत."

"चारशे?"

"तो झिरोपेक्षा बारीक."

म्हणजे शून्याकडून दोनाकडे जाताना कागद जाड होत जातो आणि ऐंशीकडून चारशेकडे जाताना बारीक. मधे कुठेतरी आकड्यांनी यू टर्न घेतलेला असणार, तो नेमका कुठे, हे मी विचारणार तोच मागून रंगाची बादली घेऊन उभा असलेला पेंटर म्हणाला, "काका, सगळ्यातला एकेक घ्या ना."

घेतले. नऊ बाय अकरा इंचाचे कागद, तपकिरी, विटकरी, काळा. कोणता कशाचा, हे घरी येईपर्यंत पिशवीत एकमेकांना घासून घासून त्यांनीच ठरवलं असावं.

यू टर्नचं रहस्य नंतर कळलं. झिरो, एक, दीड, दोन हे काचकागदाचे जुने इंग्रजी नंबर, ज्या काळी कागदावर खरोखरच कुटलेली काच चिकटवत तेव्हाचे. त्यात आकडा लहान तितका कागद बारीक. ऐंशी, एकशेवीस ही दुसरी भाषा, चाळणीची: एका इंचात जितकी भोकं, तितका नंबर. भोकं जास्त म्हणजे ती लहान, म्हणजे त्यातून पडणारे कणही बारीक. लॉर्ड गेले, पण त्यांचा शून्य सुतारांच्या तोंडात राहिला, आणि आता दोन्ही भाषा एकाच फळीवर शेजारी शेजारी नांदतात.

मला हे समजायला अख्खी संध्याकाळ लागली. बायकोला सांगायला गेलो तर कणीक मळता मळता ती म्हणाली, "म्हणजे रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी. त्यात काय एवढं?"

ज्ञान झालं तरी हात ऐकेनात. मला घाई होती गुळगुळीतपणाची, म्हणून मी थेट काळा चारशेचा काढला. दोन तास घासलं. डबी चकाकायला लागली. त्यावरचे करवतीचे दातेही चकाकायला लागले, एकूण एक, अगदी मोजता येतील इतके. बारीक कागद ओरखडा घालवत नाही, त्याला फक्त नटवतो. मग चिडून चाळीसचा घेतला आणि आडवा चालवला. लाकडाच्या रेषेला आडवा कागद मारायचा नसतो हे दाढीवाल्याने सांगितलं होतं, पण तेव्हा मी व्हिडिओ पुढे ढकलत होतो. कोऱ्या सागवानावर ते चरे नीटसे दिसले नाहीत. पॉलिशचा पहिला हात बसल्यावर मात्र असे उठून आले, जणू मांजराने सही केलीय.

सुतारमामांनी ती डबी तिरपी करून खिडकीच्या उजेडात धरली, काही बोलले नाहीत. कानामागची पेन्सिल काढून दुसऱ्या कोऱ्या डबीवर वेड्यावाकड्या रेघोट्या मारल्या. "रेघ गेली की पुढचा नंबर. नंबर सोडायचा नाही. आणि कागद बोटाने दाबू नका, ठोकळ्याला गुंडाळा, खड्डे पडतायत." मग त्यांनी कागद घडी घालून सरळ रेषेत टर्रकन फाडला. मी तोवर दुधाच्या पिशव्या कापायच्या कात्रीने कापत होतो. त्या कात्रीने आता दुधाची पिशवी फक्त दबते. हे घरात अजून उघड झालेलं नाही, सध्या संशय कात्रीच्या कंपनीवर आहे.

पंचवीस डब्या, प्रत्येकीच्या सहा बाजू, चार नंबर. सहाशे वेळा. शिवाय सागवान तेलकट, त्याचा भुसा कागदात गच्च बसतो आणि कागद दहा मिनिटांत पोस्टकार्डासारखा होतो. बोहरी आळीच्या आणखी तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला मी रुबाबात म्हणालो, "कोरडा, लाकडाचा, एकशेवीस पाच, एकशेऐंशी पाच, आणि झिरो." माझ्या शेजारी एक गृहस्थ उभे होते, ते दबक्या आवाजात मला म्हणाले, "झिरो खरखरीत असेल ना हो?" मी त्यांच्याकडे फार प्रेमाने पाहिलं.

झाकणांच्या कडा घासताना भान राहिलं नाही. आठ झाकणं डबीवर बसायच्या ऐवजी तिच्यात नांदायला लागली. त्यांचा वेगळा गठ्ठा झाला आणि बहिणीच्या वाट्यात भर पडली. आतल्या कोपऱ्यांत मात्र ठोकळा जाईना, बोट जाईना. तिथे मी एकदा ऐंशीचा तुकडा फिरवल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. आत कोण हात घालून बघतंय!

हळदीकुंकवाच्या दिवशी मी आतल्या खोलीत कान लावून बसलो होतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डबी हातात घेतली, गालाला लावली, उलटीपालटी केली. "अगं, किती गुळगुळीत! सनमायका लावलाय ना?"

"नाही हो, लाकूड आहे. यांनी केल्यात."

"काहीतरीच. लाकूड इतकं गुळगुळीत असतं का कधी?" म्हणत काकूंनी झाकण काढलं, आत बोट घातलं, "आई गं!" म्हणून बाहेर काढलं, आणि बोटात शिरलेलं कुसळ उजेडात धरून म्हणाल्या, "हो की. सागवान दिसतंय."