ठेका नाचरा, गाणं उदास

"रेगेटॉनमध्ये ऐकायचं काय? सगळी गाणी एकाच ठेक्यावर!" परवा एका मित्राने ऐकवलं. रेगेटॉन म्हणजे कॅरिबियन बेटांकडचं स्पॅनिश नाचाचं संगीत. तक्रार खरी आहे. पण ठेका एकच असतो म्हणूनच मला त्यातली प्रेमगीतं आवडतात.

टाळीवर आठ मात्रा मोजा: तीन, तीन, दोन. खाली किक (मोठा, घुमणारा ड्रम) सरळ चालत राहते आणि स्नेअर (छोटा, कडक वाजणारा ड्रम) या तुकड्यांवर आडवा पडतो. हा डेंबो, रेगेटॉनचा ठेका. मूळ जमैकाचं, पनामात स्पॅनिश बोल मिळाले, पोर्तो रिकोत पोरांनी कॅसेटवर वाढवला. १९९५ मध्ये तिथल्या पोलिसांनी दुकानांवर धाडी घालून त्या कॅसेट जप्त केल्या होत्या. अश्लील म्हणे! (हे कुठेही सारखंच.)

आता गायक बॅड बनी आणि संगीत-निर्माता टायनी यांचं २०१९ चं 'कायाइता' लावा. सुरुवातीला समुद्राच्या लाटा, पक्षी. मग सिंथचे (इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे) लांब, ओलसर स्वर. गाण्यातली मुलगी वरून अबोल, आतून बिनधास्त. पार्टी, दारू, मजा सगळं चालू आहे. आणि मध्येच तो म्हणून जातो, की ती आधी अशी नव्हती, कोणी दुखावलं कोण जाणे. एवढंच. पुढे विषय काढत नाही. आपल्याकडे असतं तर इथे व्हायोलिनं रडली असती! इथे ठेका तसूभरही हलत नाही. पाय नाचत राहतात आणि त्या ओळीनंतर वरचे तेच सूर वेगळे ऐकू येतात.

ही करामत मला गायकाइतकीच टायनीची वाटते. तो विशीच्या आतच लुनी ट्यून्सच्या हाताखाली शिकला. 'गासोलिना' हे गाजलेलं रेगेटॉन गाणं घडवणारी निर्मात्यांची जोडी ती. ठेक्याची ताकद त्याला ठाऊक आहे, म्हणूनच कुठे हात आखडायचा तेही कळतं. सुरांची वरची धार कापली की शेजारच्या लग्नातला डीजे भिंतीपलीकडून ऐकावा तसा आवाज येतो. मजा चालू आहे, पण आपण त्यात नाही. विरह सांगायला याहून जास्त शब्द कशाला हवेत?

अर्थात याची नक्कलही भरपूर झाली. चाल सुचली नाही की ओता रीव्हर्ब, म्हणजे आवाजाभोवतीचा तो घुमारा! धुकं काढून घेतल्यावर गुणगुणायला काही उरतं का बघा, बऱ्याच गाण्यांत उरत नाही. 'कायाइता' नुसतं गुणगुणलं तरी उभं राहतं.

आणि कृपा करून मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मत देऊ नका. त्यात खालचा बेसच गायब होतो. हेडफोन लावा, मग भांडायला या.