आजोळ, बोअरचे पाणी आणि टक्कल

महोदय,

आपले आक्षेप दोन आहेत. आपल्या आईच्या वडिलांचे केस ऐंशीव्या वर्षीही दाट होते, तरी आपल्याला पस्तिशीतच टक्कल पडले, म्हणून ‘टक्कल आजोळाकडून येते’ हे माझ्या लेखातले विधान खोटे ठरते, हा पहिला; आणि सोलापुरात बोअरचे जड पाणी हेच टकलाचे खरे कारण आहे, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात चूक माझी आहे. ॲन्ड्रोजन रिसेप्टरचे, म्हणजे पुरुषी संप्रेरके ज्याला चिकटतात त्या प्रथिनाचे, जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला ते गुणसूत्र आईकडूनच मिळते, एवढ्यावरून मी घाईने निष्कर्ष काढला. परंतु आईजवळ अशी दोन गुणसूत्रे असतात, एक तिच्या वडिलांचे व एक तिच्या आईचे, आणि मुलाला मिळणारे बहुधा या दोहोंच्या सरमिसळीतून तयार होते. त्यामुळे आपल्याला त्या जनुकाची आजीकडील प्रत आलेली असू शकते. शिवाय २०१७ साली ब्रिटनमधील ५२,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी निगडित २८७ जनुकीय खुणा आढळल्या, त्यांपैकी केवळ ४० एक्स गुणसूत्रावर होत्या. उरलेल्या वडिलांकडूनही येऊ शकतात.

पाण्याचे मात्र मला पटत नाही. जड पाण्याने केस राठ होतात हे, बादलीला बसलेला पांढरा थर रोज खरवडणाऱ्या मला कोणी सांगायला नको. पण मूळ शाबूत असले की तुटलेला केस पुन्हा वाढतो, आणि पुरुषी टकलात बिघाड मुळातच असतो. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून एका विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनते, ते केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींतील रिसेप्टरला जाऊन चिकटते, आणि जनुकांमुळे जी मुळे त्याला संवेदनशील असतात त्यांचा वाढीचा काळ आखडत जाऊन दर फेरीला केस अधिक बारीक उगवतो, शेवटी नुसती लव उरते. अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवले की वृषणांचा स्राव नसलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांना ते पडू लागते.

आणि पाणी तर मानेवरही पडते. तिथले केस का टिकतात? अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मागचे केस टकलावर लावले, तेव्हा ते तिथेही टिकले.

मूळ लेखातील आजोळाचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. पाण्याविषयीचा परिच्छेद तसाच ठेवला आहे.