गेन फुल केला म्हणून पॉवर फुल होत नाही

नागपुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सध्या फिरून राह्यला आहे: 'वूफरला अॅम्पची फुल पॉवर द्यायचे सहा उपाय'. वूफर म्हणजे डिकीतला बेसचा मोठा स्पीकर, आणि अॅम्प म्हणजे त्याला ताकद देणारा अॅम्प्लिफायर. ते उपाय थोडक्यात असे: गेन (अॅम्पवरचा एक नॉब) शेवटपर्यंत फिरवा, अॅम्पच्या स्पीकर टर्मिनलच्या दोन्ही जोड्या वापरा, ओम (वूफरचा विजेला होणारा रोध) जितके कमी तितके चांगले, वायर कोणतीही चालते, हेडलाइट मिणमिणले तर कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा डबा) लावा, आणि पॉवर दुप्पट झाली की आवाजही दुप्पट. मानेवाड्यापासून कोराडी रोडपर्यंत किती डिक्क्यांमध्ये हेच ज्ञान ठासून भरलं आहे, ते सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीच्या थरथरत्या नंबर प्लेटवरून कळतं. सहांपैकी ओमचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे तपासू.

'गेन अर्ध्यावर ठेवला तर अॅम्प अर्धीच पॉवर सोडतो भाऊ.' सगळ्यात जास्त वूफर या एका वाक्याने जाळले असतील. गेन म्हणजे नळाची तोटी नाही. समोरच्या स्टीरिओकडून किती व्होल्टचा सिग्नल आला म्हणजे अॅम्पने आपली पूर्ण पॉवर द्यायची, एवढंच तो नॉब ठरवतो. बऱ्याच अॅम्पवर ही रेंज 0.2 पासून 6 व्होल्टपर्यंत लिहिलेली असते. नॉब शेवटपर्यंत नेला की 0.2 व्होल्टलाच अॅम्प पूर्ण ताकदीवर पोचतो. तुमच्या स्टीरिओचा आरसीए आउटपुट (अॅम्पकडे सिग्नल नेणारी जोडणी) 2 व्होल्टचा असेल, तर आवाज थोडासा वाढवल्यावरच अॅम्पची हद्द संपते. त्यापुढे स्टीरिओ कितीही वाढवा, लहरींचे माथे छाटले जातात. त्यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण छाटलेली चौकोनी लहर तेवढ्याच उंचीच्या साध्या लहरीच्या दुप्पट पॉवर कॉइलमध्ये, म्हणजे वूफरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत, ओतते, आणि त्यातली बहुतेक उष्णता होऊन कॉइललाच भाजते. जळक्या वार्निशचा वास गाडीत आला की समजायचं, काम झालं.

मग गेन लावायचा कसा? मल्टिमीटरने. समजा अॅम्प 2 ओमवर 500 वॉट आरएमएस (सतत देता येणारी पॉवर) देतो. पॉवर गुणिले ओम, आणि त्याचं वर्गमूळ: 1000 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 31.6 व्होल्ट. गाडी मोकळ्या जागी लावून इंजिन चालू ठेवा, वूफरच्या वायरी अॅम्पपासून काढा, बेस बूस्ट, लाउडनेस, इक्वलायझर सगळं शून्यावर आणा, गेन पूर्ण खाली करा. 50 हर्ट्झचा, शून्य डेसिबलवर (म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीवर) रेकॉर्ड केलेला टेस्ट टोन लावा आणि स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी व्होल्टवर लावून त्याच्या पिना स्पीकर टर्मिनलला टेकवा, आणि आकडा 31 च्या थोडा अलीकडे येईपर्यंतच गेन वाढवा. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झचीच असते, त्यामुळे साध्यातला साधा मीटरही हे व्होल्ट बरोबर दाखवतो. ऑसिलोस्कोप असेल तर अधिक चांगलं, पण डेकोरच्या दुकानात तो कुठून येणार! बहुतेक गाड्यांमध्ये नॉब शेवटाच्या बराच अलीकडे थांबतो, आणि मालकाला वाटतं की आपल्याला कमी दिलं.

'दोन्ही जोड्या वापरा, नाहीतर निम्मी पॉवर वाया.' मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलच्या अॅम्पला बाहेरून दोन जोड्या दिसतात, आत त्या एकमेकींना जोडलेल्याच असतात. सोय दोन वूफर जोडण्यासाठी आहे. एका जोडीवरही पूर्ण पॉवर मिळते. विषय संपला.

आता तो अर्धा खरा मुद्दा: 'ओम कमी, पॉवर जास्त, डबल कॉइल सरळ पॅरलल करा.' डबल कॉइल म्हणजे एकाच वूफरमध्ये दोन कॉइल; त्या शेजारी-शेजारी जोडल्या की पॅरलल, एकीमागे एक जोडल्या की सिरीज. ओम कमी झाले की तेवढ्याच व्होल्टवर करंट जास्त वाहतो, हे बरोबर. पण अॅम्पला किती खाली जाणं सोसतं, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. दोन कॉइल प्रत्येकी 4 ओमच्या असतील, तर पॅरललमध्ये 2 आणि सिरीजमध्ये 8 ओम होतात. प्रत्येकी 2 ओमच्या असतील, तर पॅरललमध्ये 1 आणि सिरीजमध्ये 4. गोम इथेच आहे. 2 ओमपर्यंतच चालणारा अॅम्प घेतला आणि दुकानातून 2-2 ओमचा वूफर उचलून आणला, तर 2 ओम कधीच जमत नाहीत. पॅरलल केला तर 1 ओम, आणि अॅम्पचा लाल दिवा. सिरीज केला तर 4 ओम, आणि 500 ऐवजी अॅम्पवर 4 ओमसमोर जे काही लिहिलं असेल तेवढंच, समजा 300 वॉट. म्हणजे फुल पॉवर मिळणार की नाही, हे वायर जोडताना नाही, बिल करतानाच ठरतं. 2 ओमचा अॅम्प असेल तर 4-4 ची डबल कॉइल घ्या, 1 ओमचा असेल तर 2-2 ची. दोन चॅनलचा अॅम्प ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनल मिळून एकच वूफर चालवला, तर प्रत्येक चॅनलला निम्मेच ओम दिसतात; 4 ओमचा वूफर त्याला 2 ओमचा भासतो. आणि एक कॉइल उलटी जोडली गेली, तर दोन्ही कॉइल एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, कोन (वूफरचा पडदा) जागचा हलत नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं की अॅम्पच कमजोर आहे.

शिवाय हे ओम स्थिर नसतात. तांबं तापलं की त्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. कॉइल 100 अंशांनी तापली, तर 4 चे साडेपाच ओम होतात आणि पॉवर सुमारे 72 टक्क्यांवर येते. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना दुपारभर उन्हात उभी राहिलेली गाडी आठवा. तिथे कॉइलची सुरुवातच तापलेली असते, आणि सीटखाली गालिच्याने झाकलेला अॅम्प तर दोन गाण्यांत स्वतःला बंद करतो. ते अॅम्पचं संरक्षण आहे, बिघाड नाही. त्याला हवा लागेल अशा जागी बसवा.

'12 व्होल्टच तर आहेत, वायर कोणतीही चालते.' उलट आहे. व्होल्ट कमी म्हणूनच करंट जास्त लागतो. 500 वॉट देणारा क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारचा) अॅम्प 80 टक्के कार्यक्षम धरला, तर बॅटरीकडून 625 वॉट घेतो. इंजिन चालू असताना 13.8 व्होल्टवर ते झाले 45 अँपिअर. बॉनेटपासून डिकीपर्यंत 5 मीटर 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर टाकली, तर वाटेतच सुमारे 0.46 व्होल्ट जातात. तीच वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असेल, तर पाऊण व्होल्टच्या आसपास. बऱ्याच अॅम्पची पॉवर आत येणाऱ्या व्होल्टच्या वर्गाप्रमाणे घटते, म्हणून या पाऊण व्होल्टमागे दहा टक्के पॉवर जाते. आणि ही फक्त पॉझिटिव्ह बाजू.

स्वस्त किटमध्ये वायर जाड दिसते ती प्लास्टिकमुळे. टोक ब्लेडने खरवडा. तांब्याखाली पांढरं दिसलं तर ते अॅल्युमिनियम. गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड; 4 गेज म्हणजे सुमारे 21 स्क्वेअर एमएम. इलेक्ट्रिकच्या दुकानात बोलायचं असेल तर 25 ची तांब्याची लवचिक वायर मागा. अर्थिंगची वायर हातभर लांबीची, बॉडीचा रंग घासून उघड्या पत्र्यावर कसलेली हवी. सीटबेल्टच्या बोल्टला ती लावू नका. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वायर सोसेल तेवढाच. तो वायरीला आग लागू नये म्हणून असतो.

'कपॅसिटर लावा.' 1 फॅरडचा कपॅसिटर 14.4 वरून 12 व्होल्टपर्यंत उतरताना साधारण 32 ज्यूल देतो. 625 वॉट मागणाऱ्या अॅम्पला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतात. पुढच्या ठोक्याआधी तो भरून देणार पुन्हा अल्टरनेटरच. त्या पैशांत वायर बदला.

राहिला सहावा. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. 300 चे 500 वॉट झाले तर फरक 2.2 डेसिबलचा. म्हणून चुकून 4 ओमवर अडकलेल्यांनी लगेच नवा अॅम्प घ्यायची घाई करू नये. आणि '3000 वॉट' लिहिलेल्या खोक्याला भुलण्याआधी त्या अॅम्पचा फ्यूज बघा. तो 30 अँपिअरचा असेल, तर 30 गुणिले 13.8, त्याचे 80 टक्के: जेमतेम 330 वॉट. आधी डिकीतल्या वूफरच्या डब्याचे जोड हवा सोडतात का, ते हात फिरवून पाहा. मग डबा मागच्या दाराकडे तोंड करून एकदा, सीटकडे तोंड करून एकदा वाजवा. 2 डेसिबलपेक्षा मोठा फरक तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.