खुलासा: ‘पीटीएसडी कोच’ आणि भत्ता बंद होण्याची अफवा

‘पीटीएसडी कोच’ हे पीटीएसडीसाठीचं (युद्ध, अपघात अशा भीषण अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) ॲप वापरलं की अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाला कळतं आणि भत्ता बंद होतो, असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. २०११ साली आलेलं हे ॲप त्याच विभागाचं, त्यामुळे शंका येणं साहजिकच. पण ते फुकट आहे, अकाउंट उघडावं लागत नाही. मध्यरात्री छाती धडधडायला लागली, की त्रास ० ते १० मध्ये किती ते नोंदवायचं, सुचवलेला श्वासाचा व्यायाम करायचा, पुन्हा आकडा द्यायचा. बस्स. या नोंदी तुमच्या नावानिशी विभागाकडे जात नाहीत. फोनला लॉक मात्र ठेवा. डोकावलंच तर घरातलंच कुणी डोकावेल! उपचारांची जागा ॲप घेत नाही. जीव नकोसा झाला तर तिथल्या माजी सैनिकांनी ९८८ ही मदतीची हेल्पलाइन लावून १ दाबावं.