व्यभिचाराला तुरुंग की फसवलेल्याला आधार?

व्यभिचार हा पुन्हा फौजदारी गुन्हा ठरवावा का, यावरून ठाण्याच्या नौपाड्यातील आमच्या कट्ट्यावर परवा जो वाद पेटला, तो आजूबाजूच्या दुकानांची शटर्स पडली तरी मिटला नव्हता. निमित्त ओळखीतल्याच एका मोडलेल्या संसाराचे होते. त्याचा तपशील इथे देणे योग्य नाही. अण्णांचे म्हणणे सरळ होते. शंभर रुपयांचे पाकीट मारणाऱ्याला कायदा गजाआड करतो आणि वीस वर्षांचा संसार उधळणाऱ्याला मात्र हात लावत नाही, हे त्यांना पटत नव्हते. लग्न म्हणजे दोघांचा खासगी मामला नव्हे, त्यात मुले आहेत, म्हातारे आईबाप आहेत, आणि ज्या कृत्याने इतक्या जणांची आयुष्ये विस्कटतात ते खासगी म्हणून सोडून देणे म्हणजे कायद्याने अंग काढून घेणे आहे, असे ते तळमळीने सांगत होते.

वकीलसाहेबांनी त्यांना मध्येच थांबवले. “अण्णा, तुम्ही ज्या कायद्यासाठी हळहळताय, तो फसवल्या गेलेल्या बायकोसाठी कधी नव्हताच,” असे म्हणून त्यांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९७ जवळजवळ शब्दशः सांगितले. दुसऱ्याच्या पत्नीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा मूकसंमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्या स्त्रीला मात्र गुन्ह्यास साहाय्य केल्याबद्दलही शिक्षा नाही. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी किंवा विधवेशी संबंध ठेवले तरीही गुन्हा नव्हता. तक्रार करण्याचा अधिकार त्या स्त्रीच्या नवऱ्याला होता; परस्त्रीकडे जाणाऱ्या पुरुषाच्या बायकोला या कलमाखाली कुठेच दाद मागता येत नव्हती. हे ऐकल्यावर बाकावर बसलेले सगळेच क्षणभर गप्प झाले, कारण त्या कलमात विश्वासघाताचा विचार नसून एका पुरुषाच्या मालकीत दुसऱ्याने केलेल्या घुसखोरीचा विचार आहे, हे कोणालाही कळण्यासारखे होते.

हे कलम दीड शतकाहून अधिक काळ टिकले. मुंबई राज्यातून गेलेल्या युसुफ अब्दुल अझीझ खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने, स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा संविधान देते या आधारावर ते उचलून धरले. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ते पुन्हा वैध ठरवले आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने रद्द केले. त्या पीठात त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

कट्ट्यावरच्या सरांच्या मते मात्र मुद्दा याने संपत नव्हता. कलम विषम होते तर ते समान करा, स्त्री-पुरुष दोघांनाही लावा, असे ते म्हणाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीने नेमकी तीच शिफारस केली होती याची त्यांनी आठवण करून दिली. ती शिफारस स्वीकारली गेली नाही. जुन्या दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत व्यभिचाराचा गुन्हा नाही. सरांना हे चुकीचे वाटते. मला वाटत नाही. गुन्हा म्हटला की तपास आला आणि तपास म्हटला की पोलिसांनी मोबाइल ताब्यात घेणे, लॉजच्या नोंदी तपासणे, शेजाऱ्यांचे जबाब घेणे आणि शेवटी घरातल्या पोरांना साक्षीला उभे करणे हे सगळे ओघाने आले. ज्या मुलांसाठी अण्णा हा कायदा मागत होते, त्यांच्याच वाट्याला कोर्टाचा पिंजरा यावा, हे मला कोणत्याही नीतीने पटत नाही. पहिले लग्न कायम असताना दुसरे करणे आजही गुन्हा आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि ते असायलाच हवे. पण तिथे नोंद, विधी, साक्षीदार अशी उघड घटना सिद्ध करायची असते, शय्यागृहातली नव्हे.

सैन्यात चालते तर इतरांना का नाही, अशी शंका घेत अण्णांनी सैन्याचे उदाहरण काढले. सैन्यदलांत अशा वर्तनाबद्दल आजही शिस्तभंगाची कारवाई होते आणि २०१८ च्या निकालाने ती अडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. ती सेवेची शिस्त आहे, सर्व नागरिकांसाठीचा दंडविधान नव्हे, एवढे उत्तर वकीलसाहेबांनी दिले. अण्णांचे त्याने समाधान झाले नाही आणि त्यांची शंका अगदीच बिनबुडाची नाही.

समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्या ताई बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. त्या बोलू लागल्या तेव्हा चर्चेचा रोखच बदलला. त्यांच्याकडे येणाऱ्या बाईला नवऱ्याला तुरुंगात पाहायचे नसते, कारण तो आत गेला की पगार थांबतो. तिला राहते घर, मुलांची फी आणि वेळेवर पोटगी हवी असते. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आहेच, पण निकाल लागेपर्यंत उमेदीची वर्षे सरतात. त्याहून त्यांना जाचणारी गोष्ट वेगळी होती. फौजदारी कलम गेले तरी पोटगीच्या कायद्यात व्यभिचाराची शिक्षा शिल्लक आहे आणि ती फक्त बायकोला आहे: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १४४ नुसार पत्नी व्यभिचारात राहत असेल तर तिला पोटगी मिळत नाही. एखाद्या प्रसंगाने हे ठरत नाही, सातत्य लागते, असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. तरीही पोटगीचा अर्ज पडला की उत्तरात पहिला आरोप चारित्र्यावरच होतो, असे ताई म्हणाल्या. उलट नवऱ्याने दुसरी बाई ठेवली, तर वेगळे राहायला पत्नीला सबळ कारण मिळते, पण तेवढ्याने तिची पोटगी वाढत नाही.

दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवून दिले. थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद देण्याची तरतूदही आहे. “तुरुंग हवाच असेल तर तो इथे वापरा,” असे ताई अण्णांना म्हणाल्या. अण्णांनी मान हलवली, पण विश्वासघात करून पोटगीचे हप्ते नियमित भरणारा माणूस उजळ माथ्याने फिरणार, हे आपल्याला सहन होत नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मलाही ते सहन होत नाही. तरीही त्याला जाब विचारण्याचा अधिकार त्याच्या बायकोचा, मुलांचा आणि आप्तांचा आहे, फौजदाराचा नाही, या मतावर मी कायम आहे.